समुद्राकडे जाणारी वाट : रहिमतपूर, दाभोळ आणि लमाणांचे तांडे

रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्र उजव्या हाताला ठेवून गाडी दक्षिणेकडे न्यावी, रात्री एखाद्या पुळणीजवळ मुक्काम करावा आणि पहाटे पुढे निघावे, ही आज अनेक तरुणांच्या मनातली सहल आहे. झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली कॅरव्हॅन भाड्याने मिळू लागली आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणही आणले. मात्र या सहलीत एक क्षण हमखास येतो. दाभोळला रस्ता संपतो, समोर वाशिष्ठीचे रुंद पात्र असते आणि गाडीला जेट्टीवर रांगेत उभे राहून फेरीबोटीची वाट पाहावी लागते. पलीकडे धोपावे दिसत असते. तिथे नेणारा पूल नसतो.

कोकणच्या किनाऱ्याचा सारा इतिहास त्या जेट्टीवर उभा आहे.

‘कॅरव्हॅन’ हा शब्द मोटारीला मिळाला तो अगदी अलीकडे. मुळात तो फारसी ‘कारवाँ’, म्हणजे लादलेल्या जनावरांचा आणि माणसांचा काफिला. मराठी मुलखात त्याला तांडा म्हणत. असे तांडे शतकानुशतके या किनाऱ्यावर येत राहिले. पण त्यांतला क्वचितच एखादा किनाऱ्याने चालला असेल. त्यांची वाट आडवी होती. देशावरच्या पेठेतून निघून, सह्याद्री उतरून, ती खाडीच्या मुखाशी संपत असे. त्यांपैकी एका वाटेच्या वरच्या टोकाकडे रहिमतपूर हे गाव आहे.

किनाऱ्याने का जाता येत नसे, हे नकाशा पाहिल्यावर उमगते. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, वाघोटनच्या मुखावरचे विजयदुर्ग, कर्ली आणि अखेरीस तेरेखोल. सह्याद्रीवर पडणारा प्रचंड पाऊस पन्नास-साठ किलोमीटरच्या अरुंद पट्टीतून धावत समुद्राला मिळतो आणि जिथे मिळतो तिथे भरतीचे पाणी कित्येक कोस आत शिरते. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्याला दर एक-दोन दिवसांनी अशी एक खाडी अडवी. माणूस होडीतून पार होई. हजार बैल, त्यांच्या पाठीवरच्या गोण्या, बायका-मुले आणि कुत्री होडीतून नेणे व्यवहार्य नव्हते. म्हणून कोकणच्या उत्तर-दक्षिण प्रवासाचा राजमार्ग स्वतः समुद्रच होता. गलबते, शिबाडे, पडाव, मचवे हीच त्या मार्गावरची वाहने.

सैन्य घेऊन या किनाऱ्याने चालत जाण्याचे एक ठळक उदाहरण आहे आणि तेही हीच गोष्ट सांगते. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन निघाले. पंच्याऐंशी लहान लढाऊ गलबते आणि तीन मोठी जहाजे, असा तो काफिला होता. गोव्यावरून पुढे जाऊन त्यांनी कानडी किनाऱ्यावरील बसरूर हे श्रीमंत बंदर लुटले. परतताना गोकर्णाला उतरून तीर्थस्नान केले आणि तिथून चार हजार पायदळासह जमिनीच्या वाटेने अंकोला गाठले. आरमारातील बहुतेक जहाजे त्यांनी परत पाठवली, मात्र बारा गलबते मागे ठेवून घेतली. कशासाठी? वाटेतल्या नद्यांवरून फौज पार करण्यासाठी. गोकर्ण आणि अंकोला यांच्या मध्ये गंगावळी आहे, कारवारच्या उत्तरेस काळी नदी आहे, आणि त्यापुढे हीच साखळी सुरू राहते. ज्याच्याकडे स्वतःचे आरमार होते त्याच्याही फौजेला किनाऱ्याने चालण्यासाठी नावांचा आधार घ्यावा लागला. सामान्य व्यापाऱ्याची काय कथा!

कारवारात तेव्हा इंग्रजांची वखार होती. महाराज येत असल्याचे कळताच त्यांनी रोकड व किमती माल बंदरातल्या मस्कतच्या एका जहाजावर हलवला. योगायोगाने त्याच रात्री बहलोलखानाचा सरदार शेरखान गावात पोहोचला होता. आपल्या धन्याच्या आईला मक्केच्या यात्रेस पाठवण्यासाठी जहाजाची व्यवस्था करणे, हे त्याचे काम होते. त्याने शहराच्या रक्षणाचा पवित्रा घेतला, बोलणी झाली, व्यापाऱ्यांनी खंडणी भरली आणि त्यात इंग्रजांच्या वाट्याला ११२ पौंड आले. २३ फेब्रुवारीला महाराज तिथून निघाले. होळीची आपली शिकार शेरखानाने हुकवली, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार इंग्रजांच्या पत्रव्यवहारात नोंदले गेले आहेत.

या प्रसंगातली मक्केच्या यात्रेची गोष्ट लक्षात ठेवावी; ती पुन्हा येणार आहे.

आता घाट चढून वर येऊ. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात, कमंडलू नदीच्या काठी रहिमतपूर वसले आहे. समुद्र इथून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर दूर. गावात आदिलशाही काळातील एक मशीद आणि एक भव्य कबर आहे; ही कबर रणदुल्लाखानाची मानली जाते. जवळच ‘हत्तीची मोट’ म्हणून ओळखली जाणारी विलक्षण बांधणी आहे. बैलांऐवजी हत्तीकडून पाणी ओढून घेण्यासाठी केलेला तो दगडी चढ पाहिला, की या गावाला कोणे एके काळी केवढ्या तोलाचा धनी लाभला होता याची कल्पना येते.

रणदुल्लाखान हा मुहम्मद आदिलशहाच्या दरबारातला अग्रगण्य सेनापती. १६३० च्या दशकाच्या उत्तरार्धातील कर्नाटक मोहिमांचे नेतृत्व त्याच्याकडे होते आणि त्या मोहिमांत शहाजीराजे त्याच्यासोबत होते. बंगळूर जिंकले गेले ते याच काळात. त्याचा मुलगा पुढे रुस्तुमेजमान या किताबाने प्रसिद्धीस आला आणि आदिलशाहीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचा कारभार त्याच्या हाती आला. मिरजेस बसून तो ज्या मुलखावर हुकूम चालवी त्याच्या समुद्राकडच्या बाजूस रत्नागिरी, राजापूर आणि कारवार ही बंदरे होती, तर घाटमाथ्यावर कोल्हापूर-बेळगावचा प्रदेश. म्हणजे घाटावरच्या पेठा आणि घाटाखालची बंदरे एकाच घराच्या हिशेबात होती. रहिमतपुरातली कबर आणि कारवारचा धक्का यांत वाटते तेवढे अंतर नाही.

ही रचना सहेतुक होती. विजापूर समुद्रापासून फार दूर. त्या दरबाराला अरबी घोडे हवेत, खजूर हवा, इराणी रेशीम हवे, मक्केला जाणाऱ्यांसाठी जहाज हवे. आणि हे सारे पुरवणारी दारे म्हणजे कोकणातली बंदरे. त्यांत दाभोळचा मान मोठा. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या आशेने चौलला उतरला आणि डोंगर चढून जुन्नरला गेला. मधल्या मुक्कामांसह या वाटेला त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. जुन्नरच्या खानाने तो घोडाच काढून घेतला, तो परत मिळवताना निकितीनच्या नाकी नऊ आले आणि पावसाळाभर त्याला तिथेच अडकून पडावे लागले. मायदेशी परतण्यासाठी तो जहाजावर चढला तो दाभोळला. पोर्तुगिजांनाही या बंदराचे महत्त्व ठाऊक होते. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदाने दाभोळ जाळले आणि तिथल्या रहिवाशांची निर्दय कत्तल केली.

गंमत अशी, की नकाशावर रहिमतपुरातून थेट पश्चिमेकडे रेघ ओढली तर ती दाभोळच्या आसपासच समुद्राला मिळते. प्रत्यक्ष वाट मात्र सरळ नव्हती. दक्षिणेला मसूर, मग कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कऱ्हाड, तिथून कोयनेच्या काठाने पाटण, हेळवाक, मग कुंभार्लीचा घाट आणि पायथ्याशी पोफळी. पुढे चिपळूण आणि त्याला लागून गोवळकोटचे बंदर. तिथे माल पडावांत चढे आणि भरती-ओहोटीचा हिशेब धरून वाशिष्ठीतून दाभोळच्या मुखाकडे सरके. बैलांचा प्रवास गोवळकोटला संपत असे.

हा प्रवास कसा होई? सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने चौलच्या व्यापाराचे वर्णन केले आहे, ते कोकणच्या कोणत्याही बंदराला लागू पडावे. चौलपासून कोसभर आत डिसेंबर ते मार्च असा चार महिन्यांचा बाजार भरे. देशावरचे व्यापारी शिकवलेल्या बैलांचे मोठे काफिले घेऊन तिथे उतरत. बैलाच्या पाठीवर खोगिरासारखी गादी, तीवर आडव्या टाकलेल्या लांब गोण्या आणि तीस-चाळीस जनावरांमागे एकच हाकणारा, असा तो देखावा होता. बाजाराचे हे चार महिने नीट पाहावेत. आधी घाटवाटा ओल्या, नंतर उन्हाने चारा-पाणी आटलेले आणि त्यापाठोपाठ समुद्र बंद. बैल आणि जहाज या दोघांनाही सोयीचा असा वर्षातला हा एकच तुकडा. घाटावरच्या पेठांची सारी उलाढाल या तुकड्यात बसवावी लागे.

हाकणारे होते लमाण, म्हणजेच बंजारा समाजातले लोक. लमाण हे नावच लवणापासून, मिठापासून आले असे मानले जाते. घाटावरून गूळ, हळद, मिरची, तंबाखू, घोंगड्या, सुती कापड खाली जाई. येताना मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी, खजूर वर येई. एका बैलावर साधारण शंभर-सव्वाशे किलोचे ओझे. नाईक हा तांड्याचा पुढारी. मुक्काम कुठे, पाणी कुठे, कोणत्या चौकीवर किती जकात, याची सारी स्मृती त्याच्याजवळ. रात्री गोण्या रचून त्यांची भिंत करायची आणि तिच्या आत माणसांनी निजायचे. बायका-मुले सोबत असत, कारण तांडा हेच त्यांचे गाव होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले चौदा हजार बैल असल्याचे त्याने लिहिले आहे. हे लोक दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नाहीत, असेही तो नोंदवतो. बैल चरत चरत जाणार, चाऱ्याला पैसा पडणार नाही, म्हणून वाहतूक स्वस्त. हे त्या संथपणामागचे अर्थशास्त्र. त्या गतीने रहिमतपूर ते चिपळूण हे अंतर पंधरवड्याचे. आज तेच मोटारीने एका सकाळीत संपते.

तांडा स्वस्त मालाकडे वळतो, हे राज्यकर्ते चांगले ओळखून होते. १६७१ च्या डिसेंबरात शिवाजी महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिलेले पत्र या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. विषय आहे मीठ. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त, आपल्या संगमेश्वराकडचे महाग. तेव्हा घाटावरचे उदमी बारदेशाकडे वळतील आणि आपली मिठागरे बुडतील. यावर उपाय म्हणून बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी, की ते संगमेश्वरच्या मिठाइतकेच महाग पडावे, असा हुकूम त्या पत्रात आहे. आजच्या भाषेत हे संरक्षक आयातशुल्क झाले. पण या पत्रामागे उभे असलेले दृश्य अधिक बोलके आहे : घाटमाथ्यावर थांबलेला एक नाईक, समोर दोन वाटा, आणि मणामागे चार पैसे कोणत्या वाटेने वाचतील याचा त्याचा हिशेब. राजाला आपली जकात त्या हिशेबानुसार ठरवावी लागली.

याच वाटांवरून फौजाही चालत. १६५९ साली विजापूरहून निघालेला अफजलखान पंढरपूर, म्हसवड, मलवडी असा येत रहिमतपुरास थांबला आणि मग वाईकडे गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुमारास विजापूरच्या राजघराण्यातील एक स्त्री मक्केला जाण्यासाठी मोठ्या लव्याजम्यासह दाभोळला आली, पण समुद्रावरील चाच्यांच्या भयाने तिला निघता आले नाही आणि यात्रेसाठी आणलेल्या द्रव्यातून तिने तिथे मशीद बांधली, अशी दाभोळची परंपरा आहे. दंतकथेचा भाग वजा केला तरी मशीद खरी आहे. खाडीच्या काठी, नारळीच्या सावलीत ती आजही उभी आहे. १६६१ मध्ये दाभोळ आणि चिपळूण स्वराज्यात आले. म्हणजे कारवारात बहलोलखानाच्या आईसाठी जहाज शोधले जात होते तेव्हा विजापूरच्या हातून हे जवळचे दार गेलेले होते.

मराठेशाही आली, गेली. तांडे चालतच राहिले. १८०३ च्या युद्धात शिंदे आणि भोसले यांच्याविरुद्ध लढणाऱ्या आर्थर वेलस्लीची फौजही धान्यासाठी बंजाऱ्यांवर अवलंबून होती. कोणत्याही पक्षाचे सैन्य असो, त्याचे पोट बैलाच्या पाठीवर होते. त्यामुळे युद्धातही तांड्याला सहसा अभय मिळे.

मग चाक आले. १८३० मध्ये बोरघाट गाड्यांना खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभार्लीतूनही गाडीरस्ता झाला. पाठीवर लादलेल्या बैलापेक्षा गाडीला जुंपलेला बैल कितीतरी अधिक माल ओढतो. लमाणाची विद्या होती ती जिथे चाक जात नाही तिथे माल नेण्याची; चाक सर्वत्र जाऊ लागल्यावर त्या विद्येचे मोल घसरले. अखेरचा घाव रेल्वेने घातला. सदर्न मराठा रेल्वेचा पुणे ते लोंढा हा मार्ग १८९० पर्यंत पूर्ण झाला आणि त्यावर रहिमतपूरचे स्थानक आले. शतकानुशतके पश्चिमेकडे उतरणारा माल आता उत्तरेकडे, पुण्यामार्गे मुंबईला जाऊ लागला. जो गूळ चिपळुणात पडावात चढे, तो आगगाडीच्या डब्यात चढला. दाभोळ तर त्याआधीच गाळाने आणि मुंबईच्या उदयाने निष्प्रभ झाले होते.

वाट मोडली तेव्हा तिच्यावरच्या माणसांचे काय झाले, हे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एका जागी न राहणारा माणूस मुळातच संशयित, ही त्यामागची धारणा. पुढे हा कायदा विस्तारत गेला आणि बंजाऱ्यांतील काही गटही त्याच्या कचाट्यात सापडले. ज्यांच्या गोण्यांतल्या धान्यावर वेलस्ली लढला होता, त्यांच्यावर दोन पिढ्यांत पोलिसांकडे हजेरी लावण्याची वेळ आली. फिरणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांचे फिरणे हाच गुन्हा ठरला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात हा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ‘विमुक्त’ या एका शब्दात त्या ऐंशी वर्षांची नोंद आहे.

किनाऱ्याची कथा मात्र वेगळ्या गतीने चालली. घाटात आगगाडी चढून शतक लोटले तरी कोकणी माणूस मुंबईला बोटीनेच ये-जा करीत होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हाही समुद्राला दुसरा सोयीचा पर्याय नव्हता. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८० च्या आसपास पुढे आली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये, आणि तीही किनाऱ्यापासून बरीच आतून, जिथे खाड्या अरुंद होतात तिथून. सागरी महामार्गावरचे काही पूल झाले, काही रखडले. वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ अशा फेऱ्या अजून सुरू आहेत.

म्हणून दाभोळच्या जेट्टीवर उभे राहावे लागले तर तो अर्धा तास वाया गेला असे समजू नये. बोट येईपर्यंत मागे वळून मशिदीचे घुमट पाहता येतात. डावीकडे खाडी आत वळत जाते ती गोवळकोटच्या दिशेने. तिथेच पंधरा दिवस चाललेले बैल ओझी उतरवीत असत. त्याच्या वर कुंभार्लीचा घाट, त्याच्या वर कऱ्हाड, आणि आणखी आत, कमंडलूच्या काठी, हत्तीच्या मोटेचा तो कोरडा पडलेला दगडी चढ.